दुसरा डॉक्टर

मी तिसरीत असताना एकदा खूप आजारी पडलो होतो. विट्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं, व्हायरल आहे म्हणाले, पातळ औषधाची बाटली दिली आणि तीन दिवस ताप राहणारच असं सांगितलं. दुसऱ्या रात्री ताप एकशे चारवर गेला. आई कपाळावर पट्ट्या ठेवत होती. श्वास घेताना माझ्या बरगड्यांखाली खड्डा पडतोय, हे तिला दिसलं. आईचं शिक्षण सातवीपर्यंत. न्यूमोनिया हा शब्द तिला माहीत होता की नाही, कुणास ठाऊक. ती एवढंच म्हणाली, "हे नुसतं व्हायरल नाही. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू." बाबा म्हणाले, सकाळपर्यंत बघू. रात्री दीड वाजता शेजारच्या काकांची ओम्नी काढून आम्ही सांगलीला गेलो. न्यूमोनिया निघाला. सहा दिवस ॲडमिट होतो.

आमच्या घरात ही गोष्ट आईच्या हट्टीपणाचा किस्सा म्हणून सांगितली जाते. मीही ती तशीच ऐकली, तशीच मित्रांना सांगितली. पण अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर मुलांचं काय होतं, हे वाचायला लागल्यापासून या किश्श्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. माझा जीव कशामुळे वाचला? सांगलीच्या डॉक्टरांमुळे आणि औषधांमुळे, हे खरंच. पण त्याआधी आईला 'नाही' म्हणता आलं आणि 'नाही' म्हटल्यावर घराचं दार उघडून बाहेर पडता आलं, म्हणून.

हे सगळं मी का वाचायला लागलो, ते पुढे सांगतो. आधी एका मुलीबद्दल.

हार्लिंजन, मे २०२३

ती आठ वर्षांची होती. आईवडील होंडुरासचे, तिचा जन्म पनामातला. आईवडील आणि तीन भावंडं असं कुटुंब ९ मे २०२३ रोजी नदी ओलांडून टेक्सासमध्ये आलं आणि बॉर्डर पेट्रोलच्या ताब्यात गेलं. मुलीला जन्मापासून हृदयाचा आजार होता आणि सिकलसेलही. विदर्भात किंवा नंदुरबारकडे राहिलेल्यांना सिकलसेल सांगावा लागणार नाही. इतरांसाठी एवढंच की, या आजारात प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे जंतुसंसर्गाशी लढायची ताकद कमी पडते. इतर मुलांना दोन दिवस वाट बघता येईल असा ताप सिकलसेलच्या मुलाला आला, तर तो इमर्जन्सी समजावा, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तिच्या आईवडिलांनी हे आजार अधिकाऱ्यांना सांगितले होते.

१४ मे रोजी तिला फ्लू झाल्याचं निदान झालं आणि कुटुंबाला हार्लिंजनच्या ठाण्यात वेगळं ठेवायला हलवलं. पुढच्या तीन दिवसांत ठाण्यातल्या कंत्राटी वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी तिला साधारण नऊ वेळा तपासलं. नऊ वेळा, हे लक्षात ठेवा. कुणी बघितलंच नाही, अशी ही गोष्ट नाही. १६ तारखेला तिचा ताप १०४.९ फॅरनहाइट होता. औषध दिलं, बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. १७ तारखेला आई तिला पुन्हा पुन्हा घेऊन आली. मुलीला पोटात दुखत होतं, मळमळत होतं, श्वास घ्यायला त्रास होत होता. आईने अँब्युलन्स बोलवा म्हणून विनवलं. ही विनंती आपण तीन-चार वेळा नाकारली, असं तिथल्या नर्स प्रॅक्टिशनरनेच नंतर चौकशीत सांगितलं. एका कर्मचाऱ्याने या कुटुंबाच्या सामानातली कागदपत्रं आणि औषधं तिच्यापर्यंत आणून दिली. तिने कागद वाचायला नकार दिला, फोलिक ॲसिडची एक गोळी द्यायला मात्र होकार दिला. फोनवर उपलब्ध असलेल्या डॉक्टरांना, त्यात एक बालरोगतज्ज्ञही होते, कुणी विचारलंच नाही. दुपारी दोनच्या सुमारास आई मुलीला उचलून घेऊन आली, तेव्हा तिला झटके येत असावेत असं दिसत होतं. मग अँब्युलन्स आली. तीन वाजायच्या आत हॉस्पिटलमध्ये तिला मृत घोषित केलं.

बॉर्डर पेट्रोलच्या स्वतःच्या नियमानुसार कुणालाही ७२ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नसतं. तिचा तो ताब्यातला नववा दिवस होता. न्यायालयाने नेमलेले देखरेख अधिकारी, स्टॅनफर्डचे बालरोगतज्ज्ञ डॉ. पॉल वाइज यांनी आपल्या अहवालात निष्कर्ष काढला, की हा मृत्यू टाळता येण्यासारखा होता.

हे मी आईला फोनवर सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "तिची आई कुठं होती?"

"तिथंच होती. शेजारी."

"मग दुसरीकडं का नाही नेलं तिनं?"

मी म्हणालो, "दार बंद होतं, आई."

कस्टडी म्हणजे काय

'कस्टडी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गज आणि कुलूप येतं. हार्लिंजनच्या गोष्टीने मला त्याची वेगळी व्याख्या दिली. ज्या ठिकाणी तुमच्या मुलाला दुसऱ्या डॉक्टरकडे नेता येत नाही, ते ठिकाण म्हणजे कस्टडी. मग तिथे गज असोत वा नसोत, गाद्या असोत वा काँक्रीटची फरशी, खेळणी असोत वा ॲल्युमिनियमसारखी चकाकणारी ब्लँकेटं.

नैतिक कर्तव्याबद्दल बोलताना एक प्रसिद्ध उदाहरण दिलं जातं. पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७२ मध्ये एका निबंधात ते मांडलं होतं. तुम्ही रस्त्याने चालला आहात, उथळ तळ्यात एक मूल बुडतंय. कपडे चिखलात खराब होतील म्हणून तुम्ही त्याला सोडून जाल का? अर्थात नाही. मग दूर देशात मरणाऱ्या मुलाला मदत करणं हेही तसंच कर्तव्य का नाही, असा सिंगर यांचा प्रश्न. यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. मी काही त्या मुलाला पाण्यात ढकललेलं नाही, जगातली सगळी तळी माझीच जबाबदारी कशी, असं लोक विचारतात आणि त्यात तथ्य आहे.

पण सीमेवरच्या ठाण्यातलं मूल हे सिंगरच्या तळ्यातलं मूल नाही. इथे तळ्याभोवती कुंपण घातलेलं आहे. कुंपणाची किल्ली एका माणसाकडे आहे. मुलाची आई कुंपणाच्या आतच उभी आहे, तिला पोहता येतं, पण तिला पाण्यात उतरायची परवानगी नाही. किल्लीवाला माणूस आता 'मी फक्त वाटसरू आहे' असं म्हणू शकत नाही. त्याने मदत करणारे बाकी सगळे हात बाजूला केलेत. म्हणून त्याचं कर्तव्य दयेतून येत नाही. त्याने स्वतःच जे काढून घेतलं, त्यातून ते येतं.

ही काही मला सुचलेली नवी गोष्ट नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये टेक्सासच्या एका कैद्याच्या खटल्यात हेच तत्त्व सांगितलं होतं. कैद्याला उपचारासाठी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांवरच अवलंबून राहावं लागतं, त्यांनी केले नाहीत तर ते होणारच नाहीत. म्हणून गंभीर आजाराकडे जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष ही घटनेने मना केलेली क्रूर शिक्षा ठरते. १९८९ मध्ये याच न्यायालयाने डिशेनी खटल्यात विस्कॉन्सिनच्या एका चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत सरकारची जबाबदारी नाकारली. त्या मुलाला त्याच्या बापाने मारून कायमचं जायबंदी केलं होतं. निकाल अतिशय वादग्रस्त ठरला. पण नकार देतानाच न्यायालयाने फरक स्पष्ट केला. मूल बापाच्या ताब्यात होतं, सरकारच्या नाही. सरकार एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवतं, तेव्हा त्याच्या सुरक्षिततेची आणि देखभालीची काही जबाबदारी त्याच्याबरोबरच सरकारवर येते.

मुलांसाठी तर वेगळा दस्तऐवज आहे, १९९७ चा फ्लोरेस समझोता. मुलांना सुरक्षित आणि स्वच्छ ठिकाणी ठेवायचं, गरज असेल तेव्हा वैद्यकीय मदत द्यायची, असं सरकारने त्यात मान्य केलं. जून २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या अपील न्यायालयात सरकारी वकिलाला या 'सुरक्षित आणि स्वच्छ'चा अर्थ सांगावा लागला. समझोत्यात साबण आणि टूथब्रश असे शब्द नाहीत, म्हणून ते दिलेच पाहिजेत असं म्हणता येणार नाही, असा सरकारी बाजूचा सूर होता. तीन न्यायाधीशांपैकी एक होते वॉलेस ताशिमा. साबण, टूथब्रश, पांघरूण नसेल तर ती जागा सुरक्षित आणि स्वच्छ नाही, हे कुणालाही कळतं, अशा अर्थाचं ते बोलले. ताशिमा स्वतः लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाचे म्हणून कुटुंबासह ॲरिझोनातल्या पोस्टन छावणीत बंदिस्त होते. त्यांनी याचा उल्लेख केला नाही. करायची गरजही नव्हती.

'पण आणलंच कशाला?'

आता तुमच्या मनात आलेल्या शंकांकडे येतो, कारण त्या माझ्याही मनात आल्या होत्या.

पहिली शंका: आईबापांनी अशा प्रवासाला मुलांना आणलंच कशाला? डिसेंबर २०१८ मध्ये ग्वाटेमालाची एक सात वर्षांची मुलगी वारली, तेव्हा तिथल्या सरकारी प्रतिनिधींनी जवळपास हाच मुद्दा मांडला होता. समजा, आईबाप चुकले. गरिबी, गुंडांच्या टोळ्या, कर्ज हे सगळं क्षणभर बाजूला ठेवू आणि मान्य करू, की त्यांनी मुलाचा जीव धोक्यात घातला. पुढे काय? दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या बापाचं मूल अपघातात जखमी झालं, तर डॉक्टर बापाच्या चुकीचे गुण वजा करून मुलाला टाके घालतात का? बापाची चूक हा बापाचा हिशेब आहे. आठ वर्षांच्या मुलीने कुठलीही सीमा ओलांडायचं ठरवलं नव्हतं, तिला कडेवर घेऊन ओलांडलं गेलं.

दुसरी शंका जास्त वजनदार आहे: संख्या. मे २०१९ या एका महिन्यात दक्षिण सीमेवर १ लाख ३० हजारांहून जास्त लोकांना पकडलं. मे २०२३ मध्ये हार्लिंजनची मुलगी ताब्यात गेली, त्या आठवड्यात बॉर्डर पेट्रोलकडे २८ हजारांच्या आसपास माणसं होती, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त. एजंट हे पोलीस आहेत, डॉक्टर नाहीत. अनेकांनी स्वतःच्या पैशाने मुलांना खाऊ आणि खेळणी आणल्याच्या बातम्याही मी वाचल्या. हे सगळं खरं मानायला हवं, नाहीतर आपण एक खलनायक शोधून मोकळे होतो.

पण संख्या कुठल्या कर्तव्यातून सूट देते, ते बघा. गर्दी झाली म्हणून जेवायला उशीर होईल, कागदपत्रं रेंगाळतील, झोपायला जागा कमी पडेल. यातलं बरंचसं समजून घेता येईल. पण अँब्युलन्स बोलवायला गर्दी आड येत नाही. हार्लिंजनमध्ये फोन होता, हॉस्पिटल त्याच शहरात होतं. आणि दार उघडणं हा पर्याय तर नेहमीच असतो. उपचार करणं झेपत नसेल, तर डांबून ठेवायचं नाही. दोन्ही एकदम, म्हणजे बाहेरही जाऊ देणार नाही आणि आतही बघणार नाही, असं चालत नाही.

फ्लूच्या लशीचीच गोष्ट घ्या. डिसेंबर २०१८ ते मे २०१९ या काळात ताब्यात असताना वारलेल्या किमान तीन मुलांच्या मृत्यूत फ्लूचा वाटा होता. रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, लस द्यायची शिफारस केली होती. सीमा यंत्रणेने नकार दिला. आमच्याकडे माणसं थोडाच वेळ असतात आणि लसीकरण राबवणं गुंतागुंतीचं आहे, अशी कारणं दिली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये काही डॉक्टर स्वतः लस द्यायला सॅन डिएगोच्या ठाण्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना आत सोडलं नाही, काहींना अटक झाली. दुसरा डॉक्टर खुद्द दाराशी आला होता.

तिसरी शंका: याच्याशी आपला काय संबंध? एवढंच सांगतो. ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२३ या एका वर्षात अमेरिकेच्या सीमांवर भारतीय सापडल्याच्या जवळपास ९७ हजार नोंदी आहेत. जून २०१९ मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात सहा वर्षांची एक भारतीय मुलगी उष्माघाताने गेली. तिची आई पाणी शोधायला गेली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते आणि लहान मुलंही होती. त्या रांगेत आपली माणसं उभी आहेत. ती नसती, तरी प्रश्न तोच राहिला असता.

तीन नोंदी

आता मी हे सगळं का वाचायला लागलो, ते सांगतो.

मी पुण्यात हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकाने मागणी केली. रात्रपाळीत नर्सना दर दोन तासांनी प्रत्येक पेशंटची पाहणी करून नोंद करावी लागते. तीस बेड, तीस स्क्रीन, प्रत्येक स्क्रीनवर सहा चौकटी. नोंद करण्यातच वेळ जातो. एक बटण द्या, सगळ्यांची नोंद एकदम होईल असं. मी दोन दिवसांत ते बनवलं. 'सर्व पेशंट स्थिर' असं लिहिलेलं हिरवं बटण. डेमोमध्ये टाळ्या पडल्या. नर्सचा वेळ वाचेल, तो पेशंटला मिळेल, असं मला मनापासून वाटत होतं. काही ठिकाणी तसं झालंही असेल.

त्यानंतर काही महिन्यांनी मी वेस्लाकोची बातमी वाचली. १९ मे २०१९. ग्वाटेमालाचा १६ वर्षांचा मुलगा, सहा दिवस ताब्यात. १०३ ताप, फ्लूचं निदान. तपासणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरने सांगितलं, की दोन तासांनी पुन्हा बघा, बरं वाटलं नाही तर हॉस्पिटलमध्ये न्या. त्याला हॉस्पिटलऐवजी वेस्लाकोच्या ठाण्यातल्या कोठडीत, दुसऱ्या एका आजारी मुलाबरोबर ठेवलं. प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने नंतर कोठडीतलं व्हिडिओ चित्रण मिळवलं. मुलगा मध्यरात्रीनंतर धडपडत उठतो, शौचकुपापाशी कोसळतो आणि तिथेच राहतो. सकाळी सहाच्या सुमारास त्याच्या सोबत्याला जाग येते आणि तोच बाहेरच्यांना बोलावतो.

त्या रात्रीच्या नोंदवहीत पाहणीच्या तीन नोंदी आहेत. पहाटे २ वाजून २ मिनिटं. ४ वाजून ९ मिनिटं. ५ वाजून ५ मिनिटं. तिन्हींत काळजी करण्यासारखं काही नाही.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. त्या नोंदी करणारा माणूस कोण होता, कसा होता, मला माहीत नाही. पण तशी नोंद कशी तयार होते, ते मला पक्कं माहीत आहे. मी तिचं बटण बनवलं आहे.

आमच्या धंद्यात एक जुनं दुखणं आहे. सर्व्हर जिवंत आहे का, हे तपासायला एक छोटा प्रोग्रॅम दर मिनिटाला त्याला हाक मारतो. सर्व्हर 'ठीक आहे' म्हणून उत्तर देतो, स्क्रीनवर हिरवा दिवा लागतो. पण उत्तर देणारा भाग वेगळा असतो आणि खरं काम करणारा वेगळा. आत डेटाबेस मरून पडलेला असतो आणि दिवा हिरवाच राहतो. हे नव्या इंजिनियरला पहिल्या सहा महिन्यांत कळतं. हाकेला उत्तर आलं, याचा अर्थ एवढाच की हाकेला उत्तर आलं.

नोंद ही बघण्याची खूण असते. पण नोंद झाली की नाही हेच मोजलं जातं, तेव्हा हळूहळू तीच बघण्याची जागा घेते. हार्लिंजनमध्ये नऊ तपासण्या होत्या. डिसेंबर २०१८ मध्ये वारलेल्या त्या सात वर्षांच्या मुलीच्या बाबतीतही फॉर्म भरलेला होता, तब्येत चांगली असल्याचा, खाली वडिलांची सही. फॉर्म इंग्रजीत होता, एजंटने तो स्पॅनिशमध्ये समजावला. वडिलांची मातृभाषा केक्ची, एक माया भाषा. काही तासांनी मुलगी बसमध्ये उलट्या करायला लागली. ठाणं सुमारे दीडशे किलोमीटर दूर होतं. ती पोचली तेव्हा तिचा श्वास थांबला होता आणि ताप १०५ च्या वर होता. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीनंतर ती एल पासोच्या हॉस्पिटलमध्ये गेली. फॉर्ममध्ये चूक काहीच नव्हती.

तिच्या आणि त्याच महिन्यात वारलेल्या आठ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूची चौकशी वर्षभराने संपली. खात्याच्या महानिरीक्षकांचा निष्कर्ष: कुणाही कर्मचाऱ्याने गैरवर्तन केल्याचं आढळलं नाही. मी या निष्कर्षाला खोटं म्हणत नाही. मला भीती याचीच वाटते, की तो खरा असेल. डेनिस थॉम्पसन या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९८० मध्ये याला 'अनेक हातांचा प्रश्न' असं नाव दिलं. एका निर्णयाला इतके हात लागलेले असतात, की शेवटी कुठल्याच हाताला रक्त दिसत नाही. प्रत्येकाने आपली चौकट भरलेली असते.

आईचा शब्द

मग करायचं काय? 'सगळ्यांनी संवेदनशील व्हावं' असं म्हणून लेख संपवता येतो, पण रात्रपाळीच्या तिसऱ्या तासाला संवेदनशीलता कमी पडते. मी ते हॉस्पिटलात बघितलंय. मला वाटतं, कर्तव्य जिथून येतं तिथेच उत्तर आहे. कस्टडी आईकडून दुसरा डॉक्टर काढून घेते. तर कस्टडीने तो परत दिला पाहिजे, उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून.

हे अशक्य नाही. इंग्लंडमध्ये २०२१ साली १३ वर्षांची एक मुलगी सायकलवरून पडून झालेल्या दुखापतीनंतर सेप्सिसने वारली. ती मोठ्या, नावाजलेल्या हॉस्पिटलात होती. तब्येत बिघडतेय, असं आईवडील सांगत होते. वेळेत अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं मृत्युचौकशीत निघालं. तिच्या आईने लढा दिला आणि २०२४ पासून तिच्या नावाने 'मार्थाचा नियम' तिथल्या हॉस्पिटलांत लागू होऊ लागला. पेशंट किंवा नातेवाइकांना वाटलं, की तब्येत खालावतेय आणि कुणी ऐकत नाही, तर ते थेट एका नंबरवर दुसऱ्या पथकाला बोलावू शकतात. म्हणजे 'दुसऱ्या डॉक्टरला दाखवू' हे वाक्य त्यांनी नियमात लिहिलं.

आता विचार करा. त्या मुलीचे आईवडील मोकळे होते, सुशिक्षित होते, डॉक्टरांच्याच भाषेत बोलत होते. तरी त्यांना नियमाची गरज पडली. मग कोठडीतल्या, परक्या भाषेच्या देशातल्या, कागद हिसकावून घेतले जातील या भीतीत बसलेल्या आईला किती पडेल? ताब्यातल्या मुलाच्या आईने अँब्युलन्स मागितली, तर ती नाकारायचा अधिकार ठाण्यातल्या कुणालाही नसावा. हॉस्पिटल ठरवेल. काही फेऱ्या फुकट जातील. माझ्या आईची सांगलीची फेरीही फुकट जाऊ शकली असती. पेट्रोलचे पैसे गेले असते, बाबा चिडले असते, आणि आज कुणाच्या लक्षातही राहिली नसती.

आई डॉक्टर नसते, तिचं चुकतं, ती घाबरते, हे मान्य. पण तिच्याकडे एक माहिती असते, जी कुठल्याही फॉर्ममध्ये मावत नाही. हे मूल कालपर्यंत कसं होतं, ही. नऊ तपासण्या करणाऱ्यांनी त्या मुलीला तीन दिवस पाहिलं होतं, आईने आठ वर्षं.

मी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बदल सुचवला आहे. हिरवं बटण काढून टाका असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही, नर्सची कमतरता खरी आहे. पण रात्रीच्या नोंदीत एक चौकट वाढवायची: 'नातेवाईक काय म्हणतात?' ती प्रत्येक पेशंटसाठी वेगळी भरावी लागेल, एकदम सगळ्यांची भरता येणार नाही. आणि तिथे 'बिघडलंय' असं आलं, तर निरोप नर्सकडे न थांबता दुसऱ्या डॉक्टरच्या फोनवर जाईल. यामुळे नोंदीला रात्रीत वीस मिनिटं जास्त लागतील, असा मॅनेजरचा अंदाज आहे. तो चुकीचा नाही.

तिकीट अजून बॅकलॉगमध्ये आहे, प्राधान्य 'कमी'. दर सोमवारच्या मीटिंगमध्ये मी ते वर सरकवतो आणि शुक्रवारपर्यंत ते पुन्हा खाली गेलेलं असतं.